हिरवं अंग, पिवळा पट्टा

विरारकराला मालगाडीचा राग येतो, आणि तो रास्त आहे. 16 एप्रिल 2013 ला उपनगरी सेवा डहाणूपर्यंत पोचली, पण रूळ वाढले नाहीत. लोकल, मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्या वर्षानुवर्षं दोनच मार्गांवर दाटीवाटीनं धावत राहिल्या. विरार ते डहाणू या 64 किलोमीटरच्या चौपदरीकरणाचं काम एमयूटीपी-3 या मुंबईच्या रेल्वे प्रकल्पात हाती घेतलं गेलं ते त्यामुळंच. संध्याकाळी दमून निघालेल्या माणसाची गाडी सिग्नलला उभी असते आणि शेजारून सिमेंटच्या, कोळशाच्या, कंटेनरच्या वाघिणी संपता संपत नाहीत. तो मनातल्या मनात डबे मोजतो, कंटाळून मोजणं सोडतो आणि पुन्हा मोबाइल काढतो. इंजिन मात्र त्यानं पाहिलेलंच नसतं. ते सगळ्यांच्या आधी निघून गेलेलं असतं.

हा लेख त्या निघून गेलेल्या इंजिनाबद्दल आहे. शिवाय ते फिल्मच्या कॅमेऱ्यात धरायला बसणाऱ्या थोड्या, जरा हट्टी माणसांबद्दलही आहे. रेल्वेवेडे आपल्याकडे भरपूर. शताब्दी, राजधानी, वंदे भारत यांचे व्हिडिओ काढणारी मुलं प्रत्येक स्थानकावर भेटतात. मालगाडीच्या इंजिनासाठी थांबणारी त्यांच्यात कमी, आणि त्यातही छत्तीस फोटोंचा रोल घालून थांबणारी तर अगदीच मोजकी. त्यांना काय दिसतं, एवढाच माझा प्रश्न होता. त्यांना रंग दिसतो.

आधी थोडं व्याकरण. इंजिनाच्या अंगावर इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं नाव कोड्यासारखं वाटतं, पण सोपं आहे. ‘डब्ल्यू’ म्हणजे ब्रॉडगेज. ‘ए’ म्हणजे एसी वीज, ‘सी’ म्हणजे डीसी, ‘डी’ म्हणजे डिझेल. पुढचं ‘पी’ असेल तर प्रवासी गाडीचं, ‘जी’ असेल तर मालगाडीचं, ‘एम’ असेल तर दोन्ही कामांचं. शेवटचा आकडा पिढीचा. म्हणजे डब्ल्यूएजी-9 हे ब्रॉडगेजवरचं, एसी विजेवर चालणारं, मालगाडी ओढणारं इंजिन. त्याखाली पाच आकडी क्रमांक असतो. 31 नं सुरू होणारा दिसला की डब्ल्यूएजी-9 हे लांबूनच कळतं, 60 नं सुरू होणारा असेल तर डब्ल्यूएजी-12. आणि कडेला, बऱ्याचदा हातानं कापलेल्या स्टेन्सिलमधून उमटवलेली, शेडची, म्हणजे इंजिनाची देखभाल होते त्या ठिकाणाची, दोन-तीन अक्षरं. वलसाडच्या इंजिनावर अजूनही ‘बीएल’ असतं, बुलसार या जुन्या नावावरून. गावाच्या पाट्या बदलल्या तरी इंजिनावरची अक्षरं बदलली नाहीत.

ही शेडची अक्षरं महत्त्वाची, कारण मालगाडीचा रंग शेडकडे असतो. प्रवासी इंजिनाचा रंग प्रवाशासाठी असतो. पांढऱ्यावर लाल पट्टा घेतलेलं डब्ल्यूएपी-7 फलाटावर आलं की गाडी भारदस्त वाटावी, ही त्यामागची इच्छा. अलीकडं तर प्रवासी इंजिनांवर जाहिरातींचं व्हिनाइल चिकटवतात. बिस्किटं आणि विमा ओढत जाणारं इंजिन पाहिलं की मला तरी वाईट वाटतं. मालगाडीचं तसं नाही. कोळशाला इंजिन कसं दिसतं याची पर्वा नसते. तरीही कुणीतरी त्या अंगावर पट्टा ओढतो, पट्ट्याच्या टोकाला बाण काढतो, बफरच्या मधल्या भागावर पिवळे-काळे तिरपे पट्टे देतो, चालकाच्या खिडकीखाली एखादी कड वेगळ्या रंगात उचलतो. डब्ल्यूएजी-5 किंवा डब्ल्यूएजी-7 हा एकच वर्ग घेतला तरी वलसाडचं, भुसावळचं, तुघलकाबादचं इंजिन वेगळं ओळखू यायचं, ते या बारीकसारीक निवडींमुळं. मोठ्या दुरुस्तीनंतर शेडात किंवा वर्कशॉपात रंग नव्यानं बसायचा. हाताशी कोणता डबा होता आणि रंगारी कोण होता, तेही त्यात उतरायचं. खंडेनवमीला यंत्रांची पूजा करणाऱ्या प्रदेशात हे कळायला कठीण जाऊ नये. झेंडूची माळ इंजिनाला घालणारे हात आणि पट्टा ओढणारे हात बहुधा एकाच शेडातले असतात.

डब्ल्यूएजी-9 ची जुनी ओळख हिरवं अंग आणि पिवळा पट्टा. 1996 मध्ये या वर्गाची पहिली इंजिनं परदेशातून आली, मग चित्तरंजनच्या कारखान्यात बनू लागली, आणि चित्तरंजननं त्यांना ‘नवयुग’ असं नाव दिलं. नाव लोकांत रुजलं नाही, हिरवा रंग मात्र रुजला. सहा हजार अश्वशक्तीचं हे इंजिन पावसाळ्यात भाताच्या खाचरांपलीकडून जाताना पाहावं. हिरव्यात हिरवं मिसळून जातं आणि नुसता पिवळा पट्टा जमिनीपासून दोन पुरुष उंचीवर धावताना दिसतो. आश्विनात भात पिकलं की उलट होतं. शेत पिवळं, आणि त्यावर हिरवं इंजिन कापून काढल्यासारखं.

विरार पूर्वेच्या चंदनसारला हे पाहायला मिळण्याचं कारण भूगोल आहे. विरारच्या पूर्वेला जीवदानीचा डोंगर, आग्नेयेला तुंगारेश्वरच्या रांगा, आणि पश्चिमेला उत्तर-दक्षिण जाणारा पश्चिम रेल्वेचा मार्ग. चंदनसार रुळांच्या पूर्व बाजूला. इंजिनाचा फोटो काढायचा तर ऊन पाठीशी हवं, नाहीतर इंजिनाचा चेहरा काळा पडतो. म्हणजे पूर्वेकडच्या माणसाला सकाळ मिळते आणि पश्चिमेकडच्या नारंगीवाल्याला संध्याकाळ. त्यातही हिवाळ्यात सूर्य आग्नेयेकडून, डोंगरावरून वर येतो, त्यामुळं इथलं ऊन पंचांगातल्या सूर्योदयापेक्षा उशिरा रुळांवर पडतं. आणि नेमक्या त्याच वेळी, नोकरदारांच्या गर्दीत, मालगाड्यांना वाट मिळत नाही. ऊन असतं तेव्हा मालगाडी नसते, आणि मालगाडी असते तेव्हा रात्र असते. या छंदातला निम्मा वेळ या तिढ्यात जातो. सकाळची गर्दी ओसरल्यानंतर आणि ऊन डोक्यावर येण्याआधी जो तास-दीड तास सापडतो, तेवढाच कामाचा.

विरारला आणखी एक गोष्ट होती, जी आता नाही. 12 एप्रिल 1867 ला बीबीसीआय रेल्वेची पहिली उपनगरी गाडी विरारहूनच बॅक बेला गेली. 1936 मध्ये बोरिवलीपासून विरारपर्यंत वीज आली ती 1500 व्होल्ट डीसी. पुढं सत्तरच्या दशकात विरारच्या उत्तरेचा मार्ग विजेवर गेला तो 25,000 व्होल्ट एसीवर. दोन विजा, आणि त्यांच्या मधली शिवण विरारच्या उत्तरेला. निव्वळ एसीवर चालणाऱ्या इंजिनाला इथून दक्षिणेला पाऊल टाकता येत नसे. म्हणून 1975 पासून चित्तरंजननं डब्ल्यूसीएएम-1 ही दोन्ही विजांवर चालणारी इंजिनं बनवली. वलसाड शेडची ही 53 इंजिनं प्रवासी गाडी ओढत आणि मालगाडीही. तारेत वीज नसलेल्या छोट्या तुकड्यावरून गाडी नुसत्या वेगावर पुढं जायची आणि तेवढ्यात इंजिन आतली जुळणी बदलायचं.  2012 मध्ये चर्चगेट-विरार पूर्ण एसी झालं आणि या इंजिनांचं खास काम संपलं. त्यांच्या ऐन भरातले रंगीत फोटो ज्यांच्याकडे आहेत ते जवळपास सगळे फिल्मवरचे. कारण सरळ आहे: तेव्हा दुसरं काही नव्हतं.

तेव्हाचा कॅमेरा कसा होता, हेही सांगायला हवं. मध्यमवर्गीय घरात असायचा तो आग्फा क्लिक थ्री, वडोदऱ्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजनं बनवलेला. एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो. शटरचा वेग साधारण एक पन्नासांश सेकंद. आता हिशेब करा. ताशी 75 किलोमीटरनं जाणारी मालगाडी एका सेकंदात जवळजवळ 21 मीटर पुढं जाते, म्हणजे एक पन्नासांश सेकंदात बेचाळीस सेंटिमीटर. शटर उघडून मिटेपर्यंत इंजिन जवळजवळ हातभर सरकलेलं. क्लिक थ्रीवर चालत्या गाडीचा फोटो धूसर यायचा तो काढणाऱ्याच्या हाताच्या दोषानं नव्हे. पुढं पेंटॅक्स, यशिका, झेनिट आले. एक पाचशेअंश सेकंदात तेच इंजिन चार सेंटिमीटर सरकतं, आणि गाडी समोरून तिरपी येत असेल तर ते सरकणं फिल्मवर जवळजवळ दिसतच नाही. म्हणून ही मंडळी गाडीला आडवी उभी राहत नाहीत. वळणाच्या आतल्या बाजूला, तिरप्या कोनात उभी राहतात, चेहरा आणि एक कूस दोन्ही दिसतील अशी. रंगाचा पट्टा चेहऱ्यावरून कुशीवर कसा वळतो, हे त्याच कोनातून कळतं, आणि रंगाऱ्याचं कसब नेमकं त्या वळणावर असतं.

फिल्म आज महाग आहे. रोल, धुणं आणि स्कॅन धरून हजाराच्या पुढं सहज जातं. फ्रेममागं तीस-चाळीस रुपये पडतात. विरार-वसईतल्या स्टुडिओंत पासपोर्ट फोटो निघतात, रोल धुतला जात नाही. तो मुंबईला पाठवावा लागतो. त्यामुळं दहा फ्रेम धडाधड मारण्याची चैन नाही. गाडीला एक फ्रेम, फार तर दोन. सिग्नल पडला की प्रकाश मोजायचा, फोकस आधीच रुळांशेजारच्या एखाद्या खांबावर लावून ठेवायचा, आणि इंजिन त्या खांबाशी येईपर्यंत बोट आवरायचं. पहिल्यांदा बटण लवकर दाबलं जातं, असं सगळेच सांगतात.

कृष्णधवल फिल्मवर रंगांचं काय होतं, हा स्वतंत्र विषय आहे आणि मला तो सगळ्यात रंजक वाटतो. आपल्याकडं उटकमंडच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ फिल्म मिळायची. 1960 साली स्थापन झालेली ती सरकारी कंपनी आता बंद पडली आहे. साध्या कृष्णधवल फिल्मवर हिरवं अंग आणि तांबडं अंग जवळजवळ सारख्याच करड्या छटेत उतरतं. भिंगापुढं पिवळा फिल्टर लावला की इंजिनावरचा पिवळा पट्टा उजळतो, आभाळ गडद होतं, आणि हरवलेली रंगसंगती अर्धीमुर्धी परत येते. त्याहून जुन्या, तांबड्याला आंधळ्या असलेल्या फिल्मवर तर लाल रंग थेट काळा यायचा. इंग्लंडमधले इंजिनांचे कारखाने नवं इंजिन बाहेर काढताना अधिकृत फोटोपुरता ते करड्या रंगात रंगवत, म्हणजे एकेक रिव्हेट स्पष्ट उठून दिसावा. फोटो झाला की खरा रंग. त्यामुळं जुन्या पुस्तकांतलं देखणं करडं इंजिन त्या रंगात रुळांवर कधी धावलेलंच नसतं.

आपल्या घाटातली उदाहरणं घ्या. 1928 पासून स्वित्झर्लंडच्या विंटरथूरमधून आणि इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीतून आलेली, पुढं डब्ल्यूसीजी-1 म्हटली गेलेली इंजिनं जीआयपी रेल्वेनं बोर आणि थळ घाटात मालगाड्यांना लावली. पुढं-मागं लांब नाकं, मधे चालकाची खोली, आणि चाकांना जोडणारे हलते दांडे. रेल्वेवाल्यांत त्यांचं नाव ‘खेकडा’. त्यातला एक मुंबईला सीएसएमटीच्या आवारात जतन केला आहे. तिथं गेलात तर दांड्यांची रचना जवळून बघा. पण त्याच्यावर आज दिसणारा रंग कोणत्या सालचा, हे नुसत्या कृष्णधवल फोटोंवरून सांगता येणार नाही. आकार टिकला, मापं टिकली, कारखान्याची चित्रं टिकली. रंगाची नोंद त्या मानानं पातळ.

गाडी आणि कॅमेरा यांचं मुंबईत जुनं नातं आहे. 7 जुलै 1896 ला वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा पहिला खेळ झाला, त्यात स्थानकात शिरणारी आगगाडी होती. पण ती प्रवासी गाडी. मालगाडीकडं कलाकार म्हणून मन लावून पाहणारा मोठा माणूस म्हणजे अमेरिकेतला ओ. विन्स्टन लिंक. 1955 ते 1960 या काळात त्यानं नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेची वाफेची इंजिनं टिपली, बहुतेक रात्री. सूर्य माझ्या मर्जीनं हलत नाही, रूळही हलत नाहीत, मग उजेडच मी आणतो, असा त्याचा खाक्या होता. तारांनी जोडलेले डझनावारी फ्लॅशबल्ब एकाच क्षणी पेटवायचा. 1956 च्या त्याच्या प्रसिद्ध चित्रात मोटारीत बसून सिनेमा बघणारं जोडपं पुढं आहे, पडद्यावर विमान आहे आणि मागून मालगाडी चाललीय. जोडपं मालगाडीकडं बघत नाही. विरारच्या फलाटावरही तेच.

लिंकनं हे केलं ते रेल्वे कंपनीच्या संमतीनं. आपल्याकडं रुळांच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरणं हा रेल्वे कायदा 1989 च्या कलम 147 खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शहाणी माणसं रस्त्यावरून, उड्डाणपुलावरून, शेतमालकाला विचारून बांधावरून फोटो काढतात. पुलावरून आणखी एक मिळतं: इंजिनाचं छप्पर. तिथं पट्टा नसतो, शोभा नसते. तारेतून वीज घेणाऱ्या पेंटाग्राफच्या कार्बनची काजळी आणि वर्षांची धूळ असते. कुणी विचारलंच की काय काढलंत, दाखवा, तर फिल्मवाल्याकडं दाखवायला काही नसतं. रोल धुतल्याशिवाय त्यालाही माहीत नसतं.

आता या सगळ्यातली अडचण. फिल्मवाले सांगतात की डिजिटल कॅमेरा रंग ‘दुरुस्त’ करतो, संध्याकाळचं तांबूस ऊन पुसून इंजिन शोरूममधलं करतो. फिल्म जे आहे ते ठेवते. हे अर्धंच खरं. कोडॅकची स्वस्त फिल्म सगळं थोडं उबदार करते, फुजीची हिरव्याला उचलते. एकच डब्ल्यूएजी-9 दोन रोलवर दोन शेडांचं वाटू शकतं. आणि त्याहून वाईट म्हणजे रंगीत निगेटिव्हमधली रंगद्रव्यं अंधारात ठेवली तरी हळूहळू विरतात. ऐंशीच्या दशकातल्या घरगुती अल्बममधले लालसर झालेले फोटो आठवा. तो लालसरपणा त्या काळाचा नाही, निळसर छटा उडून गेल्याचा आहे. वसई-विरारच्या दमट हवेत निगेटिव्हवर आणि भिंगावर बुरशी चढते ती वेगळीच. पावसाळ्यात कॅमेऱ्याच्या कपाटात मिणमिणता दिवा लावून ठेवणारी घरं मी पाहिली आहेत. अंधारात सगळ्यात टिकाऊ रंग होता कोडाक्रोम फिल्मचा. कोडॅकनं ती 2009 मध्ये बंद केली. कारखान्यातून निघालेला शेवटचा रोल छायाचित्रकार स्टीव्ह मॅक्करीला मिळाला, आणि त्यातल्या काही फ्रेम त्यानं मुंबईत खर्च केल्या. 2010 संपताना अमेरिकेतल्या कॅन्ससमधल्या शेवटच्या प्रयोगशाळेनं ती धुणं थांबवलं. म्हणजे रंग सर्वांत जास्त टिकवणारी फिल्म आज कुणाकडं शिल्लक असली तरी रंगीत धुता येत नाही.

म्हणून माझ्या लेखी या छंदातली खरी मौल्यवान वस्तू म्हणजे निगेटिव्हच्या पाकिटावरची टाचणं. इंजिनाचा क्रमांक, शेडची अक्षरं, तारीख, वेळ, फिल्म कोणती, ऊन होतं की ढग, पट्टा पिवळा की साय रंगाचा, नव्यानं रंगवलेलं की पोपडे सुटलेलं. डिजिटलवाल्याकडं तारीख आपोआप येते, म्हणून तो बाकीचं लिहीत नाही. फिल्मवाल्याकडं काहीच आपोआप येत नाही, म्हणून तो सगळं लिहितो. तीस वर्षांनी निगेटिव्ह लालसर झालं, तरी ‘हिरवं अंग, पिवळा पट्टा, डाव्या बाजूचा पट्टा दारापाशी तुटलेला’ ही ओळ लालसर होत नाही.

आणि लिहून ठेवायची वेळ हीच आहे, कारण शेडची हस्ताक्षरं जात चालली आहेत. बिहारमधल्या मधेपुऱ्यात अल्स्टॉमबरोबर बनणारी डब्ल्यूएजी-12 घ्या. बारा हजार अश्वशक्ती, 800 इंजिनांचा करार, मे 2020 पासून वापरात. दोन तुकडे जोडून केलेलं, 35 मीटरहून लांब. नेहमीच्या भिंगात ते मावत नाही आणि मावलं तर क्रमांक वाचता येत नाही. त्याची देखभाल सहारनपूर आणि आपल्या नागपूरच्या डेपोत. गुजरातमधल्या दाहोदला सीमेन्सबरोबर बनणारी नऊ हजार अश्वशक्तीची 1200 इंजिनं त्याच वाटेवर. पहिलं 26 मे 2025 ला बाहेर पडलं, आणि 35 वर्षांची देखभाल करारातच बांधलेली. हे कामाच्या दृष्टीनं योग्यच असेल. पण रंगही त्याच करारातून येतो. भुसावळच्या रंगाऱ्यानं पट्टा जरा जाड काढला, असं यापुढं घडणार नाही.

दुसरा बदल रुळांचा. जेएनपीटी ते दादरी हा 1506 किलोमीटरचा पश्चिम मालवाहतूक मार्ग आपल्या वैतरण्यावरून जातो. जेएनपीटी ते वैतरणा हा 102 किलोमीटरचा तुकडा सर्वांत शेवटी राहिला. त्या मार्गावर विजेची तार साडेसात मीटरवर आहे, कारण खालून एकावर एक रचलेले कंटेनर जायचे असतात. इंजिनाचा पेंटाग्राफही त्यामुळं जास्त ताणलेला, उंच मानेचा दिसतो. इंजिन एकसारखं झालं, तरी मागचे डबे मात्र रंगीबेरंगी: मर्स्कचा फिका करडा-निळा, हापाग-लॉइडचा नारंगी, एव्हरग्रीनचा हिरवा, जपानी ‘वन’ कंपनीचा भडक गुलाबी. इंजिनापाशी शटर दाबून कॅमेरा खाली घेण्याची सवय फिल्मवाल्यांना आता बदलावी लागेल.

दाहोदच्या इंजिनांच्या देखभालीसाठी निवडलेल्या चार ठिकाणांत पुणंही आहे, त्यामुळं ती या बाजूला दिसणारच. माझं ऐकाल तर पहिली दोन वर्षं त्यांच्यावर रोल घालवू नये. कारखान्याचा कोरा रंग कारखान्याच्या कॅलेंडरावर फुकट मिळतो. दोन पावसाळे, ब्रेकची लोखंडी धूळ आणि एखादी घाईतली डागडुजी त्यांच्या अंगावर बसली की मग बघावं. तोवर 1984 नंतर हजारावर बनलेली आणि आता एकेक करून भंगारात निघालेली डब्ल्यूएजी-5 इंजिनं अजून रुळांवर आहेत, त्यांच्या पाठोपाठची डब्ल्यूएजी-7 आहेत. फ्रेम त्यांच्यावर संपवाव्यात, आणि शेडची अक्षरं वाचता येतील एवढं जवळून.